उडती पिसू

घरच्या घरी विमान बांधता येते, असे मी प्रथम वाचले तेव्हा मला ती थट्टाच वाटली. पण फ्रान्समधील आंरी मिन्ये या हौशी माणसाने ते करून दाखविले होते. त्याच्या विमानाचे नाव 'पू-द्यू-सिएल', म्हणजे 'आकाशातली ऊ'. इंग्रजांनी त्या उवेची 'उडती पिसू' केली!

१० सप्टेंबर १९३३ रोजी ते प्रथम उडाले. १९३४ साली मिन्येने त्याच्या बांधणीची कृती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. लाकूड, सरस, कापड आणि एक लहानसे इंजिन एवढ्यावर काम भागत होते. एकामागे एक असे दोन पंख. पुढचा थोडा वर, मागचा थोडा खाली. हातातला दांडा मागे ओढला की पुढचा पंख तिरपा होई आणि विमान वर चढे. पायाने दाबायचे काहीच नव्हते. ऑगस्ट १९३५ मध्ये मिन्ये या विमानातून इंग्लिश खाडी ओलांडून गेला, आणि इंग्लंडात गावोगावी सुतारकाम सुरू झाले.

पुढे अपघात होऊ लागले. विमान नाक खाली करून सूर मारी आणि दांडा कितीही ओढला तरी सावरत नसे. कित्येक हौशी वैमानिक प्राणास मुकले. १९३६ मध्ये फ्रान्स व इंग्लंड येथे अख्खे विमान वातबोगद्यात ठेवून तपासण्यात आले, तेव्हा दोष सापडला.

वहीची दोन पाने तोंडापुढे समोरासमोर उभी धरा आणि मधून फुंकर मारा. मी मारून पाहिली. पाने दूर न जाता जवळ येतात, कारण वेगवान हवेचा दाब कमी होतो. येथेही तसेच घडे. दांडा ओढताच पुढच्या पंखाची मागची कड खाली येई, दोन पंखांमधली फट अरुंद होई आणि तिच्यातून हवा वेगाने मागच्या पंखावरून वाहू लागे. परिणामी मागचा पंखच अधिक उचलला जाई. शेपूट वर, म्हणजे नाक आणखी खाली! वैमानिक जीव वाचविण्यासाठी जे करी, तेच त्याच्या मुळावर येई.

बांधणाऱ्यांच्या हाताचा यात दोष नव्हता. दोष आराखड्यातच होता. मिन्येने स्वतः अनेक यशस्वी उड्डाणे केली होती, तरी तो त्याला दिसला नाही. पुढे त्याने रचना सुधारली व अखेरपर्यंत नवी विमाने आखली.

प्रयोगशाळेत एकदा उत्तर बरोबर आले की वही मिटण्याची मला सवय आहे. आता वही मिटताना मला ती अरुंद फट आठवते.