हुबळी-धारवाडला मासळी नेणारी गाडी धुराच्या तपासणीत नापास का होते?



हुबळी-धारवाडच्या बाजाराला आपली मासळी मुख्यतः दोन वाटांनी जाते. कारवार-अंकोल्याकडची गाडी अरबैल घाट चढून यल्लापूर, कलघटगीमार्गे हुबळीला पोचते. मालवण-वेंगुर्ल्याची गाडी आंबोली चढून बेळगावमार्गे धारवाडला जाते. वाटेत कुठेही पीयूसी मागितली जाऊ शकते. ती नसली तर दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय गाडी अडकली की बर्फ वितळतो, आणि बर्फ वितळला की मालाचा भाव उतरतो.

म्हणून गाडी नापास का होते ते आज नीट समजून घेऊ.

तपासणीत काय बघतात?

डिझेल गाडी न्यूट्रलला ठेवून ॲक्सिलरेटर झटक्यात पूर्ण दाबतात आणि धूर किती दाट आहे ते मशीन मोजतं. बीएस-४ गाडीला १.६२ ची मर्यादा आहे, त्याआधीच्या गाड्यांना २.४५ ची. पेट्रोल गाडीत कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन मोजतात.

नापास होण्याची नेहमीची कारणं

१) एअर फिल्टर चोंदलेला. लाल मातीच्या रस्त्यावर फिल्टर लवकर भरतो. हवा कमी पडली की डिझेल अर्धवट जळतं आणि काळा धूर येतो. खर्च सगळ्यात कमी, म्हणून आधी हेच बघा.

२) इंजेक्टर खराब. डिझेलचा फवारा बारीक न उडता थेंब पडतात, मग धूर वाढतो. भेसळीचं डिझेल इंजेक्टरची वाट लावतं.

३) टर्बोची नळी फाटलेली किंवा क्लॅम्प ढिला. गाडी घाटात दम टाकते आणि मागून काळा धूर सोडते. ड्रायव्हरला हे आधी कळतं, त्याचं ऐका.

४) सायलेन्सर गंजलेला. हे आपल्या गाड्यांचं खास दुखणं. खोक्यांतलं खारट पाणी खाली ठिबकतं आणि पाइप, जोड खाऊन टाकतं. पेट्रोल गाडीत भोकातून बाहेरची हवा शिरते आणि रीडिंग चुकतं. माल उतरवल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा.

५) इंजिन थंड. तेल निदान ६० अंश तापलेलं हवं. गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून थेट सेंटरवर न्या.

६) बीएस-६ गाडीचा काजळी अडवणारा फिल्टर भरलेला. माल उतरवताना तासभर इंजिन चालू ठेवलं तर हा फिल्टर स्वतःला साफ करू शकत नाही. डॅशबोर्डवर दिवा लागला की दुर्लक्ष नको. फिल्टर काढून टाकणं तर अजिबात नको.

७) दारोदार मासे विकणाऱ्यांच्या स्कूटर-मोपेड. जुना प्लग, जास्त पेट्रोल सोडणारा कार्बोरेटर, घासलेली पिस्टन रिंग. एवढ्या तीन गोष्टी मेकॅनिककडून बघून घ्या.

धुराचा रंग ओळखा

काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळा म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. सकाळी थंडीत थोडा पांढरा धूर चालतो, पण इंजिन तापल्यावरही येत राहिला तर कूलंट आत शिरतंय किंवा डिझेल न जळता बाहेर पडतंय. निळा आणि सततचा पांढरा, दोन्ही खर्चाची कामं. पुढे ढकलली तर खर्च वाढतोच.

नापास झाली तर?

घाबरू नका. सेंटरने रिजेक्शन स्लिप द्यायला हवी, ती मागून घ्या. त्यावरचं रीडिंग मेकॅनिकला दाखवा, काम करून घ्या आणि परत तपासा. एका राज्यातली पीयूसी देशभर चालते, त्यामुळे हुबळीला निघण्याआधी इथेच काढली तरी चालते. मुदत संपायची तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेवा.

गाडी न नेता नुसता कागद आणून देणारे भेटतात. त्यांच्या नादाला लागू नका. कागदाने धूर कमी होत नाही. पहाटे गाडी बाजारात लागते तेव्हा तिच्या मागेच बसून आपल्या बायका मासळी निवडतात, आणि तो धूर आधी त्यांच्याच छातीत जातो. डिझेलच्या धुराने कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केलं आहे.

तेव्हा गाडी लागली की आधी इंजिन बंद, मग खोकी खाली. हा मेसेज आपापल्या ड्रायव्हरपर्यंत जरूर पोचवा.