कानामागचा करंट

सांगलीत माझ्या नावावर एक गोष्ट फिरते आहे. साताऱ्याच्या एकानं कानामागे करंट द्यायचा बॉक्स बनवला आणि त्यानं कातडी भाजते म्हणे. यातली निम्मी गोष्ट खरी आहे. उरलेल्या निम्म्यासाठी हे लिहितोय, कारण फोनवर सांगून सांगून तोंड दुखलं आणि तसलाच बॉक्स बनवायच्या खटपटीत आणखी दोघंतिघं आहेत असं कानावर आलं.

गाड्यांच्या गेमसाठी हलणारी सीट घ्यायची तर लाखांत जातं. सीट जागच्या जागी ठेवून मेंदूलाच चकवायचं, ही अक्कल काही माझी नाही. १८०० च्या सुमारास व्होल्टानं स्वतःच्या कानांत धातूच्या कांड्या घालून आपली बॅटरी जोडली होती. डोक्यात दणका बसला, काहीतरी रटरटतंय असा आवाज आला आणि त्यानं परत तो नाद केला नाही. २००५ साली जपानच्या एनटीटीतल्या संशोधकांनी सिग्राफ प्रदर्शनात याच तत्त्वावरचं यंत्र दाखवलं. २०१६ मध्ये सॅमसंगनं ‘एन्ट्रिम ४डी’ नावाचा हेडफोन ऑस्टिनला मांडला.

दोन्ही कानांमागच्या हाडावर एकेक पॅड आणि मधून जेमतेम एक मिलिअँपिअर. ऋण पॅडच्या बाजूच्या तोलाच्या नसा जास्त बडबडायला लागतात, धन बाजूच्या गप्प होतात आणि डोकं कललं असा मेंदूचा समज होतो. उभ्या माणसाचं अंग धन बाजूला झुकतं. म्हणूनच वळणावरचा कल झकास येतो. ब्रेकवर पुढे फेकलं जाणं दोन पॅडमधून येत नाही, कितीही करंट वाढवा. हे मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ‘त्याला’ म्हणजे सांगलीच्या गेमिंग पार्लरवाल्याला. नाव घेत नाही, ज्याचं त्याला कळेल.

माझा बॉक्स साधा होता. गेममधून गाडीचा आडवा जोर घ्यायचा, त्यावरून करंट हळूहळू चढवायचा-उतरवायचा. सगळं नऊ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर, कॉम्प्युटरशी तारेचा संबंध नाही, मध्ये ऑप्टोकपलर. डोक्याच्या वाटेवर डायोडच्या ब्रिजमध्ये एलएम३३४ ही करंट आवरणारी चिप आणि तिची मर्यादा ठरवायला ६८ ओहमचा रेझिस्टर. सॉफ्टवेअर बोंबललं तरी एक मिलिअँपिअरच्या वर जाणार नाही, अशी सोय. साताऱ्यात घरी महिनोन्‌महिने वापरला. जिभेवर मधूनच धातूची चव, सुरू करताना डोळ्यांपुढे बारीक चमक, बास.

त्यानं ‘गिऱ्हाइकाला दाखवतो’ म्हणून चार दिवसांसाठी नेला. चाराचे किती झाले विचारू नका. मग एकदा म्हणाला, येऊन बघ तर खरं, पब्लिक खूश आहे. गेलो. सीटवर बसलो, त्याच्या पोरानं कानामागे पॅड डकवले. पॅड सुकलेले, कडा उचललेल्या. पहिल्याच मोठ्या वळणाला अख्खं पार्लर आडवं झालं. पोटातलं वर आलं आणि उजव्या कानामागे मुंग्यांऐवजी सुई टोचल्यासारखी आग. मी ओरडलो तर हा हसतोय. “कायबी हुत नाय भावा, जरा किक बसली पायजे की नको?” बंद करायचं बटण त्याच्या टेबलावर, माझ्यापासून हातभर लांब. पॅड मीच ओरबाडून काढले.

घेरी थोडी ओसरल्यावर स्क्रू ड्रायव्हर मागितला. देईना. शेवटी खिशातल्या नाण्यानं झाकण उघडलं. निळा-करडा-काळा पट्टेवाला माझा रेझिस्टर जागेवर नव्हता. तिथे लाल-लाल-काळा, गोळ्यासारखी कथिलाची डाखणी. बावीस ओहम. म्हणजे तीन मिलिअँपिअर, माझ्या हिशेबाच्या तिप्पट. बॅटऱ्या सारख्या उतरतात म्हणून त्या काढून बारा व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर लावलेला, तोही कुठल्याशा राऊटरचा. वर मलाच ऐकवतो, “तुझी कातडीच नाजूक.” सांगलीहून पेठनाक्यापर्यंत एसटीच्या खिडकीला डोकं लावून बसलो होतो. साताऱ्याच्या कानाच्या डॉक्टरांनी भाजलेली जागा बघून जे सुनावलं, ते खरं तर सांगलीत ऐकू जायला हवं होतं.

तर ज्यांना हे करायचंच आहे त्यांना. माझं मत विचाराल तर करू नका. घरगुती बॉक्सला कुणाची मान्यता नसते आणि डोकं एकच असतं. तरीही करणाऱ्यांनी निदान एवढं करावं: डोक्याच्या जागी आधी दहा हजार ओहमचा रेझिस्टर लावा, मग एक हजाराचा, मग दोन्ही टोकं सरळ शॉर्ट करा, प्रत्येक वेळी मल्टिमीटर सिरीजमध्ये. आकडा ठरवलेल्या मर्यादेच्या वर गेला तर तो बॉक्स डब्यात. हे दर वेळी, आणि बॉक्स दुसऱ्याच्या हातून परत आला असेल तर झाकण उघडूनच. घामानं किंवा जेलनं कातडीचा विरोध झपाट्यानं उतरतो, त्यामुळे नुसत्या व्होल्टेजवर भरवसा ठेवणारं सर्किट कामाचं नाही.

पॅड रुंद आणि ताजे हवेत. पॅडचा एखादा कोपराच चिकटला की सगळा करंट तेवढ्याशा जागेतून जातो आणि एकाच दिशेचा करंट कातडीत एका बाजूला आम्ल, दुसऱ्या बाजूला अल्कली तयार करतो. मी भाजलो तो असा. बंद करायचं बटण बसणाऱ्याच्या हातात, दाबून धरेपर्यंतच चालू राहील असं. गुडघेदुखीला मिळतं ते टेन्सचं मशीन डोक्याला लावू नका, त्याचे ठोके कित्येक पटींनी मोठे असतात. फिट येणारे, पेसमेकरवाले, गरोदर बायका आणि लहान पोरं यांना तर जवळही येऊ देऊ नका. पार्लरमध्ये शाळेची पोरं बसतात, हे मी त्याला सांगितलं होतं. त्यावर तो म्हणाला, “तू लई घाबरतोस.” उतरल्यावर लगेच गाडी चालवू नका. पाणी प्या, विश्रांती घ्या वगैरे तुम्हाला ठाऊक आहेच.

बॉक्स अजून त्याच्याकडेच आहे. मागितला की “आणून देतो” म्हणतो. आता तो सेटअप विकायला काढलाय असं ऐकतोय. कुणी घेणार असेल तर पैसे मोजायच्या आधी झाकण उघडा. आत लाल-लाल-काळा दिसला तर ते काम माझं नाही.