आपले सांडपाणी आणि सावित्रीचे पाणी

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले आणि पाण्यावर सर्वांचा समान हक्क आहे हे जगाला दाखवले. पुढे कोर्टातला लढा दहा वर्षे चालला. १९३७ साली मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला. पण हक्काने मिळालेले पाणीच घाण असेल, तर लेकरे आजारीच पडणार. म्हणून या वेळी आम्ही सांडपाण्याविषयी सांगत आहोत.

महाडची सावित्री, रोह्याची कुंडलिका, नागोठण्याची अंबा या नद्या खाडीवाटे समुद्राला मिळतात. कारखान्यांच्या घाण पाण्याविषयी आपण बोलतो, बोललेच पाहिजे. पण संडास-मोरीचे पाणीही गटार-ओढ्यांतून याच नद्यांत जाते. भरतीचे पाणी आत चढते तेव्हा ही घाण लवकर समुद्रात जात नाही, खाडीतच घोटाळते.

पाण्यातले सूक्ष्म जंतू मैला खातात आणि खाताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. मैला जास्त झाला की प्राणवायू संपतो आणि मासे तडफडून मरतात. अशाच पाण्यातून कावीळ, विषमज्वर, हगवण आणि कॉलरा घरात शिरतात.

सांडपाणी प्रक्रिया केंद्र हेच काम नदीच्या आधी उरकून घेते. पहिल्यांदा जाळीवर चिंध्या, प्लास्टिक अडते. मग पाणी टाकीत संथ ठेवले की जड गाळ तळाशी बसतो. पुढच्या टाकीत हवा सोडतात. तिथे जंतूंना भरपूर प्राणवायू मिळतो आणि ते मैला खाऊन टाकतात. पुन्हा गाळ बसवून, क्लोरीन देऊन पाणी बाहेर सोडतात.

लहान वस्तीला एवढे मोठे यंत्र लागतेच असे नाही. सेप्टिक टाकीतून निघालेले पाणी खडी भरलेल्या, कर्दळ लावलेल्या वाफ्यातून संथ वाहू दिले, तरी मुळांजवळचे जंतू त्यातली बरीच घाण खातात. हे पाणी झाडांना चालते, पिण्यास मात्र कधीही नाही.

घरोघरी एवढे पाळा:

१. शोषखड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर, म्हणजे सुमारे ५० फूट दूर हवा. आपल्याकडचा जांभा दगड सच्छिद्र असतो. पावसाळ्यात जमिनीतले पाणी वर येते, तेव्हा घाण विहिरीपर्यंत पोहोचते. म्हणून अंतर जितके जास्त तितके बरे.

२. सेप्टिक टाकी साधारण दर तीन वर्षांनी उपसून घ्या. गाळाने भरलेली टाकी काम करत नाही, मैला तसाच बाहेर पडतो. साताऱ्यातील वाई येथे नगरपालिकाच ठरलेल्या पाळीने घरोघरच्या टाक्या उपसते आणि गाळ प्रक्रिया केंद्रात नेते.

३. उपसलेला गाळ ओढ्यात किंवा खाडीत ओतू देऊ नका.

४. पावसाळ्यात पिण्याचे पाणी उकळून घ्या.

आणि एक गोष्ट जिवाची. टाकीत माणूस उतरवू नका, स्वतःही उतरू नका. आतला विषारी वायू क्षणात बेशुद्ध करतो. वाचवायला उतरलेला दुसराही मरतो. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात वा टाकीत उतरवणे हा गुन्हा आहे. अशा मृत्यूसाठी वारसांना ३० लाख रुपये देण्याचा आदेश सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये दिला. पण पैशाने गेलेला मुलगा परत येत नाही. ज्या कामाची जातीने आपल्यावर सक्ती केली, ते आता यंत्रानेच झाले पाहिजे.

पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेसाठी राखून ठेवली होती. आपल्या वस्तीसाठी त्यातून काय झाले, हे ग्रामसभेत विचारा. महिला मंडळाने लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. प्राणिमात्रांची हिंसा न करणे हे आपले पहिले शील आहे. नदी स्वच्छ ठेवणे हेही त्या शीलाचेच पालन आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!