सर्व्हर बसवण्याआधी एवढं ऐक

अगं, साहेबांनी हे काम तुझ्यावर सोपवलं, याचा मला फार आनंद झालाय. तारापूर एमआयडीसीतल्या मध्यम कारखान्यात आयटी म्हणजे बहुतेक वेळा एकच माणूस असतो. प्रिंटर अडकला तरी तोच, सीसीटीव्ही बंद पडला तरी तोच. अशा ठिकाणी एका सर्व्हरवर टॅली, हजेरी, फाइल सर्व्हर अशी वेगवेगळी व्हर्च्युअल मशिनं चालवायची आणि सगळी ब्राउझरमधून सांभाळायची, हे काम शिकलीस की कुठेही अडणार नाही तुझं.

त्यासाठी प्रॉक्समॉक्स निवडलंस ते योग्यच केलंस. नोव्हेंबर २०२३मध्ये ब्रॉडकॉमनं याच कामाचं सॉफ्टवेअर बनवणारी व्हीएमवेअर विकत घेतली, पाठोपाठ एकदाच पैसे भरून मिळणारं कायमचं लायसन्स बंद झालं आणि वर्गणी आली. छोट्या कारखान्यांना तो खर्च जड जातो. प्रॉक्समॉक्स २००८पासून आहे, मुक्त स्रोताचं आहे आणि आतलं इंजिन लिनक्सचं केव्हीएम. वापरायला पैसे नाहीत, सपोर्ट हवा असेल तर वर्गणी.

बसवण्याचं म्हणशील तर त्यात फार काही नाही. बायॉसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू आहे ना ते बघ, पेन ड्राइव्हवरून इन्स्टॉल कर, आयपी पत्ता कायमचा ठरवून दे आणि दुसऱ्या संगणकावरून त्या पत्त्याचं ८००६ नंबरचं पोर्ट उघड. ब्राउझर सर्टिफिकेटबद्दल इशारा देईल. ते सर्व्हरनं स्वतःच बनवलेलं असतं म्हणून. पत्ता आपलाच आहे याची खात्री कर आणि पुढे जा. पण एक गोष्ट लगेच कर. वर्गणी नसेल तर अपडेटचा मूळ स्रोत चालत नाही, तो बदलून वर्गणीविना मिळणारा स्रोत लावावा लागतो. कितीतरी जण लॉगिन करताना येणारी वर्गणीची सूचना घालवायच्या मागे लागतात आणि हे विसरतात. मग त्या सर्व्हरला प्रॉक्समॉक्सचं एकही अपडेट मिळत नाही.

विंडोजचं मशीन बनवताना एका जागी घाबरशील, म्हणून आधीच सांगते. डिस्क व्हर्टआयओ प्रकारची ठेवलीस की विंडोजच्या सेटअपमध्ये डिस्कची यादी रिकामी दिसते. डिस्क बिघडलेली नसते. व्हर्टआयओ ड्रायव्हरची आयएसओ फाइल दुसरा सीडी ड्राइव्ह म्हणून जोड, ‘लोड ड्रायव्हर’ दाब, यादीत डिस्क येते. आणि डिस्कच्या जागेचं भान ठेव. थिन स्टोरेजमध्ये आहे त्याहून जास्त जागा वाटता येते, तक्रार कोणी करत नाही. पण ते स्टोरेज खरोखर भरलं की त्यावरची सगळी मशिनं एकदम अडकतात.

आता माझ्या मनातलं. प्रॉक्समॉक्सचं ते वेबपान म्हणजे अख्ख्या कारखान्याच्या किल्ल्यांचा जुडगा आहे. त्यात जो शिरला तो सगळी मशिनं पुसू शकतो. फेब्रुवारी २०२३मध्ये ईएसएक्सआय-आर्ग्ज नावाच्या रॅन्समवेअरनं जगभरचे इंटरनेटवर उघडे असलेले व्हीएमवेअर सर्व्हर लॉक केले. ज्या त्रुटीतून ते शिरलं म्हणतात, तिचं अपडेट दोन वर्षांपूर्वीच निघालेलं होतं. तेव्हा उद्या कोणी म्हणालं, ‘मॅडम, घरून बघायचंय, राउटरवर पोर्ट उघडून द्या’, तर नाही म्हण. गोड बोल, पण नाहीच म्हण. वायरगार्डसारखं व्हीपीएन लाव, त्यातूनच पान उघडू दे. रूटनं रोज लॉगिन करू नकोस; स्वतःचा वेगळा युजर बनव आणि मोबाइलवरचा दुसरा कोड सक्तीचा कर. बाहेरचा व्हेंडर रूटचा पासवर्ड मागेल, त्याला त्याच्यापुरत्या मशीनचा हक्क दे, जास्त नाही.

व्हीपीएनचा आग्रह मी तुझ्यासाठीही धरतेय. रात्री दहाला हजेरीचं मशीन अडकलं तर पालघरहून लोकल पकडायची, बोईसरला उतरून शेअर रिक्षा शोधायची आणि अंधारात एमआयडीसीत शिरायचं, हे तुला करावं लागू नये. घरी बसून सुरक्षितपणे काम करता यावं, एवढं मागायचा तुला हक्क आहे.

प्लँट चालवणारे संगणक मात्र या सर्व्हरवर आणू नकोस, त्याच नेटवर्कवरही नको. २०१९मध्ये कुडनकुलमच्या प्रशासकीय नेटवर्कमधल्या संगणकात मालवेअर सापडल्याचं एनपीसीआयएलनं मान्य केलं होतं. आपलं तारापूरचं अणुवीज केंद्र चालवते तीच ही संस्था. आतलं महत्त्वाचं नेटवर्क त्यापासून वेगळं होतं, असंही त्यांनी सांगितलं. रसायनांचे रिअ‍ॅक्टर आणि बॉयलर असलेल्या कारखान्यातही ती भिंत हवीच. तुमच्याकडे औषधाचा माल बनत असेल तर एचपीएलसी या तपासणीच्या यंत्राला जोडलेल्या संगणकाला क्यूएला, म्हणजे गुणवत्ता विभागाला, विचारल्याशिवाय हातही लावू नकोस. तो जसा आहे तसा व्हॅलिडेट झालेला असतो.

बॅकअपचं सांगितलं नाही तर मला झोप लागणार नाही. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, तो त्याच डिस्कवर असतो. बॅकअप वेगळ्या यंत्रावर घे, जमलं तर दुसऱ्या इमारतीत ठेव. आणि एक मशीन खरोखर परत उभं करून बघ, वेगळा मशीन नंबर देऊन, नेटवर्क तोडून. ते चालू होऊन त्यातली फाइल उघडली, तरच बॅकअप आहे असं समज. यासाठी पैसे लागतील, ते सर्व्हरच्या खरेदीतच मागून घे. नंतर कोणी देत नाही.

आपल्याकडची हवाही लक्षात घे. रसायनांचा वास येतो ना, तसल्या आम्ल वायूंनी आणि समुद्राच्या खारट दमटपणानं बोर्डवरचं तांबं नि चांदी खाल्ली जाते. सर्व्हर प्रोसेसच्या बाजूच्या भिंतीला ठेवू देऊ नकोस. खोली बंद, एसी चालू, दाराच्या फटी बुजवलेल्या. पावसाळ्यात वीज जाते येते, म्हणून यूपीएस यूएसबी वायरनं सर्व्हरला जोड आणि बॅटरी संपायच्या आत मशिनं आपोआप नीट बंद होतील असं कर. नुसता यूपीएस ठेवून भागत नाही.

सगळे पत्ते, पासवर्ड, कुठलं मशीन आधी चालू करायचं हे कागदावर लिहून बंद पाकिटात साहेबांकडे दे. आजारी पडलीस तर तुला रजा मिळायला हवी, बाई.

सगळं एकदम हलवू नकोस. आधी हजेरी हलव, आठवडाभर चालू दे, मग फाइल सर्व्हर. टॅली अगदी शेवटी. तिचं लायसन्स मशीनला बांधलेलं असतं, म्हणून जुन्या संगणकावर आधी सरेंडर करून मग नव्यावर अ‍ॅक्टिव्हेट करायचं, आणि जुना संगणक महिनाभर तसाच ठेवायचा. दिवस निवडताना अकाउंट्सच्या ताईंना विचार. जीएसटीच्या ११ आणि २० तारखा टाळ, महिनाअखेरही टाळ. शनिवारी संध्याकाळी सुरू केलंस तर रविवार हातात राहील. त्या शनिवारी मी पालघरलाच असेन, फोन चालू ठेवते.