सही कुणाची लागते?

प्रश्न : मी २४ वर्षांची, अविवाहित; ऐरोलीत मैत्रिणींसोबत भाड्याने राहते. नको असताना दिवस गेलेत, सातवा आठवडा आहे. गर्भपातासाठी डॉक्टर आईवडिलांची सही मागतील का?

उत्तर : नाही. १८ पूर्ण झालेल्या स्त्रीची स्वतःची संमती पुरते, आणि नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. गर्भपात कायद्यातल्या २०२१च्या दुरुस्तीनंतर गर्भनिरोधक फसल्याचं कारण अविवाहितेलाही चालतं. २० आठवड्यांपर्यंत एकाच नोंदणीकृत डॉक्टरांचं मत लागतं. केमिस्टकडून परस्पर गोळ्या मात्र घेऊ नका! गर्भ नळीत असेल तर जिवावर बेततं, म्हणून आधी सोनोग्राफी. बाळ ठेवावंसं वाटलं, तर तोही हक्क तुमचाच. दत्तक द्यायचं ठरलं, तर बालकल्याण समितीपुढे सोपवल्यावर फेरविचाराला ६० दिवस मिळतात. गर्भपातच करायचा असेल, तर गोळ्यांचा मार्ग नऊ आठवड्यांपर्यंतच. म्हणून याच आठवड्यात, विश्वासातल्या मैत्रिणीला घेऊन, वाशीच्या महापालिका रुग्णालयात दाखवून या.