निगेटिव्ह आधी

पुतणी : काका, किल्ली फिरवली की नुसतं 'टक्' होतं. नवा स्टार्टर आणू?

काका : हीच घाई नडते! आधी मीटर लाव.

पुतणी : १२.६ व्होल्ट. सेल्फ मारल्यावर १२.३.

काका : म्हणजे बॅटरी ठणठणीत. मोटर फिरायला लागली की शंभरावर अँपिअर ओढते, व्होल्टेज चांगलंच खाली येतं. इथे करंट मोटरमधून जातच नाही. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पूड घासून काढलीस?

पुतणी : हो, अर्थिंगही तपासलं. आता स्टार्टर काढते. पण शॉक लागला तर?

काका : बारा व्होल्टचा शॉक बसत नाही, चटका बसतो. बॅटरीकडून स्टार्टरला येणाऱ्या जाड वायरला बहुतेक गाड्यांत फ्यूज नसतो. किल्ली काढली तरी त्या वायरीत व्होल्टेज असतंच. म्हणून निगेटिव्ह आधी काढायची, लावताना शेवटी. हातातली अंगठीही काढ.

पुतणी : पॉझिटिव्ह आधी काढली तर?

काका : अगं, गाडीची बॉडी निगेटिव्हलाच जोडलेली. पॉझिटिव्हचा नट सोडताना पाना बॉडीला टेकला की शॉर्ट! निगेटिव्ह सोडताना टेकला तर काही होत नाही.

पुतणी : आणि काढलेली वायर चुकून परत टेकली तर?

काका : कापडात गुंडाळून बाजूला बांध. गाडीखाली जायचं तर हँडब्रेक ओढ, चाकांना दगड लाव आणि जॅकस्टँड ठेव. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून कुणी खाली शिरायचं नाही.

पुतणी : बरं. पुढे?

काका : वायरींचे फोटो काढ, मग बोल्ट सोड. शेवटचा सुटताना मोटर हाताने तोलून धर, जड असते. आणि लगेच नवी घेऊ नकोस. आतले कार्बन झिजले असतील किंवा सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळले असतील. माझ्याकडून एका गॅरेजने अख्ख्या स्टार्टरचे पैसे घेतले होते. जुना घरी आणून उघडला तर कार्बन तेवढे नखाएवढे उरलेले! उघडून बघायचीही तसदी घेत नाहीत, याचा मला फार राग येतो.

पुतणी : मग बसवताना?

काका : मोटर बसते ती जागा घासून चकचकीत कर. बहुतेक स्टार्टरचं अर्थिंग तिथूनच होतं. गंज राहिला तर नवा स्टार्टरही 'टक्'च करेल.

पुतणी : आणि निगेटिव्ह शेवटी.

काका : शेवटी. घे दहाचा पाना.