पहाटेची हवा आणि न्हाणीचं पाणी

नोव्हेंबर अर्धा सरला की अहिल्यानगर जिल्ह्यात दुपारचं आणि पहाटेचं एकमेकींशी जमत नाही. राहुरी-श्रीरामपूरकडं दुपारी पारा तिशीला टेकतो, आणि पहाटे दूध घालायला निघालेल्या माणसाला कानटोपीशिवाय गाडीवर बसवत नाही. डिसेंबर-जानेवारीत शहराचं किमान तापमान १० अंशांच्या खाली उतरणं इथं नवलाचं नाही. या वीस अंशांच्या चढउतारानं दोन कामं मागं लागतात. एक गाडीच्या टायरचं, दुसरं न्हाणीतल्या गरम पाण्याचं. दोन्ही थंडी चांगली पडायच्या आत उरकलेली बरी, कारण पहाटे पाच वाजता पंक्चरची टपरीही उघडी नसते आणि वीज असेलच असंही नाही.

हवा पहाटेच मोजा

टायरमधली हवा गार झाली की आकसते आणि दाब उतरतो. हिशेब सोपा आहे. दुपारी ३० अंशांत मोटारीच्या चाकात ३२ पौंड हवा भरली, तर पहाटे १० अंशांत तीच २९ च्या आसपास दिसते. कुठं गळती नाही, कुठं काटा नाही, तरी ३ पौंड गेले. मोटारसायकलच्या चाकात अडीच-एक पौंड जातात. त्यात बहुतेक जण हवा भरतात ती गावाहून तालुक्याला पोचल्यावर, तापलेल्या टायरमध्ये. म्हणजे काटा २८ दाखवत असेल तर खरी पहाटेची हवा २३-२४ च. अशा चाकावर दोघं बसून, मागं दुधाचे कॅन अडकवून नगर-मनमाड रस्त्याच्या खड्ड्यांतून गेलं की रिम वाकते, टायरची बगल चिरते आणि दोष खड्ड्याला मिळतो.

म्हणून शे-दोनशे रुपयांचं हवा मोजायचं मीटर घरी ठेवा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, चालवण्याआधी मोजा. किती हवी ते मोटारीच्या ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर आणि मोटारसायकलच्या चेनकव्हरवर किंवा मागच्या दांडीवर चिकटवलेलं असतं. एकट्यासाठी वेगळं, डबलसीटसाठी वेगळं. टायरच्या बगलेवर छापलेला आकडा पाहून हवा भरू नका, ती त्या टायरची कमाल मर्यादा असते. पंप लांब असेल तर कमी पडलेले पौंड लक्षात ठेवायचे आणि तिथं टायर तापलेला असला तरी तेवढेच वाढवायचे. पहाटे ४ कमी होते, तर पंपावर जो आकडा दिसेल त्यात ४ मिळवा. आणि तापलेल्या टायरमध्ये हवा जास्त दिसते म्हणून ती कधीच सोडू नका.

नायट्रोजन भरला की थंडीत हवा उतरत नाही, असं काही ठिकाणी सांगतात. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि गारठ्यात तोही तेवढाच आकसतो. त्यातला कोरडेपणा चांगला, पण गावाकडच्या गाडीला पैसे घालावेत इतका नव्हे.

हळूहळू उतरणारं चाक

थंडीनं उतरलेली हवा दोन्ही चाकांत सारखी उतरते. एकच चाक दर दोन-चार दिवसांनी बसत असेल तर तिथं काटा आहे, असं समजा. आपल्याकडं तो बहुधा वेड्या बाभळीचा असतो. पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, जामखेडच्या माळांवर आणि ओढ्याकाठी ती माजलेली आहे. थंडी लागली की सरपणासाठी लोक ती तोडतात आणि फांद्या रस्त्यानं ओढत घरी नेतात. मग आठवडाभर त्या रस्त्यावरच्या प्रत्येक दुचाकीला तिचा प्रसाद मिळतो. फांद्या ओढायच्याच असतील तर गोणपाटावर बांधून ओढा किंवा गाडीत घाला. निम्मी पंक्चरं गावातल्या गावात थांबतील.

गळती शोधायला मगभर पाण्यात कपडे धुण्याची पावडर कालवा. चाकात हवा नेहमीपेक्षा थोडी जास्त भरा, चिंधीनं फेस टायरवर पुसत न्या आणि चाक हळूहळू फिरवा. बुडबुडे फुटतील ती जागा खडूनं खुणा. टायरवर काही सापडलं नाही तर व्हॉल्व्हच्या तोंडावर फेस ठेवा. आतली पिन ढिली असेल तर काही टोपणांच्या मागं खाच असते, तिनं ती आवळता येते. ट्यूबलेस चाकात तिसरी जागाही बघायची, टायर रिमला बसतो ती कड. तिथं गंज किंवा वाळलेला चिखल साचला की रात्रीच्या गारठ्यात हवा झिरपते.

काटा किंवा खिळा दिसला तरी लगेच उपटू नका. ट्यूबलेस टायरमध्ये तोच बूच असतो. टपरी जवळ असेल तर तसेच सावकाश जा. स्वतःच काढायचं असेल तर ट्यूबलेसचा संच गाडीत ठेवा: रिमर, सुई, रबरी दोऱ्या, सोल्युशन आणि एक पक्कड. काटा ज्या तिरकसपणे घुसला असेल ती दिशा पाहून घ्या, मगच तो पक्कडीनं ओढा. त्याच दिशेनं रिमर घालून आठ-दहा वेळा आत-बाहेर करा, म्हणजे भोक खडबडीत होऊन दोरी धरेल. सुईच्या नेढ्यात दोरी मधोमध अडकवा, सोल्युशन लावा, दोन्ही टोकं बोटाच्या पेराएवढी बाहेर राहतील इतपत आत दाबा आणि सुई झटक्यात ओढून काढा. शिल्लक टोकं टायरच्या पृष्ठभागाच्या थोडी वर कापा, हवा भरा, पुन्हा फेस लावून बघा. हे फक्त जमिनीला टेकणाऱ्या भागासाठी. बगलेला भोक असेल तर दोरी घालून घरापर्यंतसुद्धा जाऊ नये. तिथं टायरच बदलायचा.

खेड्यातल्या बऱ्याच मोटारसायकलींना अजून ट्यूबच असते आणि तिथं खरी चूक पंक्चर काढल्यानंतर होते. ट्यूब काढली, घमेल्यातल्या पाण्यात भोक सापडलं, घासपेपरनं घासून ठिगळ बसवलं, चाक जोडलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच पंक्चर. बाभळीच्या काट्याचं टोक टायरमध्ये मोडून राहतं आणि बाहेरून ते दिसत नाही. म्हणून ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून जुनी सुती चिंधी गोल फिरवा. जिथं धागा अडकेल तिथं काटा. नुसता हात फिरवू नका. थंडीत आणखी एक काळजी: सोल्युशन वाळायला उन्हाळ्यापेक्षा जास्त वेळ लागतो. बोट लावल्यावर चिकटत नाही असं झाल्यावरच ठिगळ बसवा, नाहीतर पहिल्याच वळणावर ते सरकतं.

ज्याचा गोटा झालाय, त्या टायरवर यातलं काही करण्यात अर्थ नाही. मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलीमीटरच्या खाली गेली की तो बाद. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, रबर त्यांच्या बरोबरीला आलं की वेळ झाली. टायरचं वय बगलेवर चार आकड्यांत असतं. ३५२१ म्हणजे २०२१ सालातला पस्तिसावा आठवडा. जुनाट टायर दुकानदार नवा म्हणून देतो, तेव्हा हे चार आकडे वाचता आले पाहिजेत.

रस्त्यात चाक बदलताना

थंडीत उसाचा गळीत हंगाम चालू असतो. कोपरगाव, संगमनेर, लोणी, श्रीरामपूर, राहुरी, कुठल्याही रस्त्यावर पहाटेच्या धुक्यात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर येतो आणि मागच्या ट्रॉलीला परावर्तक नसतो. तेव्हा स्टेपनी बदलायची म्हणजे पहिली पायरी रस्ता सोडण्याची. टायर बसला तरी गाडी तशीच हळू शंभर पावलं पुढं नेऊन सपाट, कडक जागेवर उभी करा. रिम गेली तरी चालेल. हॅझर्ड लाइट लावा, माणसं उतरवून रस्त्यापासून लांब न्या. हँडब्रेक ओढा, गिअर टाका, तिरप्या रेषेत समोरच्या चाकाला दगड द्या. जॅक लावण्याआधी नट अर्धा फेरा ढिले करा. चाक उचलल्यावर ते मोकळं फिरतं आणि पाना लागत नाही. नवं चाक बसवताना नट एकाआड एक, समोरासमोरचे आवळा, आणि गाडी खाली आल्यावर पुन्हा एकदा. स्टेपनीची हवा महिन्यातून एकदा बघा. ज्या टायरकडं वर्षानुवर्षं कुणी बघत नाही, तोच अशा वेळी बसलेला निघतो.

ट्रकच्या किंवा ट्रॉलीच्या रिंगवाल्या चाकात हवा भरणं हे घरचं काम नाही. रिंग नीट बसली नसेल तर ती सुटून उडते आणि समोरच्या माणसाचा जीव घेते. तिथं पिंजरा असलेल्या दुकानातच जा.

पाणी

आता न्हाणीकडं. बंब अजूनही जिथं आहे, तिथं तो मोडीत काढायची घाई करू नये. वीज गेली तरी तो चालतो. एक नियम मात्र पाळा: आधी पाणी, मग जाळ. कोरडा बंब पेटवला की सांधे सुटतात. गावात पुन्हा डाग द्यायला माणूस मिळेलच असं नाही. सरपण जे तुमच्या शिवारात असेल ते. शेवगाव-पाथर्डीकडं पऱ्हाट्या आणि तुराट्या, मक्याच्या पट्ट्यात बुरकुंडं, बाकी सगळीकडं तीच वेडी बाभूळ. पऱ्हाटी भडकन पेटते आणि विझते. ती खाली घाला, वर बाभळीची ढलपी. बंब आणि आंघोळीची जागा एकाच बंद खोलीत ठेवू नका. कडी लावून, धुराड्याचं तोंड न्हाणीतच उघडं ठेवून आंघोळ केली तर वास न येणारा कार्बन मोनॉक्साइड माणसाला बसल्या जागी बेशुद्ध पाडतो. बंद न्हाणीत लावलेल्या गॅस गीझरचंही तेच. तो बाहेरच्या भिंतीला लावून पाइप आत घ्यायचा.

पुढची पायरी सोलर. चौघांच्या घराला १०० लिटरचा पुरतो. आपल्या बोअरचं पाणी जड असतं, त्यामुळं तांब्याच्या बारीक नळ्यांच्या पॅनेलपेक्षा काचेच्या नळ्यांचा बरा. क्षार धुऊन काढणं सोपं जातं. तोंड दक्षिणेला हवं. जिल्हा १९ अंश अक्षांशाच्या आसपास आहे, आणि हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडं कलतो, तेव्हा पॅनेल ३० अंशांच्या आसपास तिरकं ठेवलं तर थंडीत जास्त लाभ. छतावरची टाकी, शेजारचा लिंब यांची सावली डिसेंबरमध्ये लांबते. जागा जूनमध्ये नव्हे, डिसेंबरमध्ये ठरवा. बसवल्यावर पहिल्यांदा पाणी भरायचं ते सकाळी ऊन येण्याआधी किंवा संध्याकाळी उतरल्यावर. दिवसभर तापलेल्या कोरड्या नळ्यांत गार पाणी गेलं तर काच तडकते. गरम पाण्याच्या पाइपला फोमचं वेष्टण घाला, नाहीतर गच्चीवरून न्हाणीत येईपर्यंत पहिली बादली कोमट. आणि घरात एक ठरवा: संध्याकाळी भांडी-कपड्यांना सोलरचं पाणी वापरलं तर पहाटेच्या आंघोळीला तक्रार करायची नाही.

ढगाळ दिवसांसाठी रॉड असतो. २० लिटर पाणी १८ अंशांवरून ४२ पर्यंत न्यायला साधारण अर्धा युनिट जळतं आणि १५०० वॉटच्या रॉडला पंचवीस-एक मिनिटं लागतात. रॉड नेहमी पाण्यात बुडवूनच बटण दाबा. आणि बटण बंद करून, पिन काढूनच पाण्यात बोट घाला. लोखंडी बादली वापरू नका. घराला अर्थिंग नसेल तर रॉड घेऊच नका.

घर

उरलं घर. खोली तापवायचा हीटर शहरातल्या फ्लॅटला क्वचितच लागतो. २००० वॉटचा हीटर तासाला २ युनिट खातो आणि बंद केल्यावर अर्ध्या तासात खोली पूर्ववत. खरी थंडी वाजते ती पत्र्याच्या घराला. रात्री पत्रा आभाळाकडं सगळी ऊब सोडून देतो. पत्र्याखाली हातभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्यांचं किंवा प्लायचं आतलं छत घातलं तर ते थांबतं. थर्माकोल स्वस्त पडतो, पण चुलीच्या घरात तो लावू नये, ठिणगीनं पेटतो. शहाबादी फरशीवर सतरंजी, तिच्यावर घोंगडी. निम्मा गारठा खालून येतो.

ज्यांचं घरच पाचटाच्या कोपीचं आहे, त्यांना यातलं काही सांगता येत नाही. पाथर्डी-शेवगावहून, बीडहून आलेल्या ऊसतोड टोळ्या हंगामभर फडाशेजारी कोपीत राहतात, आणि त्यातल्या काहींचं पोट टायरच्या बैलगाडीवरच असतं. तिथं आणि एरवी गावात पाराजवळही पहाटेच्या शेकोटीत जुना टायर किंवा ट्यूबचा तुकडा टाकायची सवय आहे; पटकन पेटतो, बराच वेळ टिकतो. पण त्या काळ्या धुरात गंधकाचे वायू आणि कर्करोगाला कारण ठरणारे घटक असतात, आणि शेकोटीभोवती सर्वांत जवळ बसतात ती पोरं. बंब पेटवायलाही ट्यूबची फीत वापरू नका. वाळलेली बुरकुंडं किंवा गोवरीचा तुकडा त्या कामाला पुरे.

मग बाद झालेल्या ट्यूबचं काय करायचं? ती लांबीत चिरा, चार बोटं रुंद पट्टी दाराच्या लांबीएवढी कापा. पट्टी दाराच्या आतल्या अंगाला, खालच्या कडेला छोट्या चुकांनी अशी ठोका की खालची कड फरशीला नुसती टेकेल. उंबरठ्याखालून शिरणारा वारा थांबतो, आणि पावसाळ्यात गोगलगायीही. मात्र खोलीत शेगडी पेटवत असाल तर वरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा, आणि झोपण्याआधी शेगडी बाहेर काढा.